२८ खेळाडू, ४२ विजय: मेम्फिस ग्रिझलीजनं दुखापतींचा हंगाम कसा काढला

प्रश्न असा आहे: एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या मेम्फिस ग्रिझलीजनं २०१५-१६ च्या हंगामात दुखापतींमुळे तब्बल २८ खेळाडू वापरले आणि तरीही प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदाची बाद फेरी, गाठली, ते कशाच्या जोरावर? आणि जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळणाऱ्या आपल्याकडच्या १२ जणांच्या संघात ऐन स्पर्धेच्या तोंडावर दोन मुख्य खेळाडू बसले, तर प्रशिक्षकानं यातून काय उचलावं?

या हंगामाबद्दल बोलताना जिद्द, चिकाटी, झुंज हे शब्द फार लवकर येतात. मेम्फिसच्या बाबतीत तर ते अटळच, कारण संघातल्या टोनी अॅलनच्या तोंडून निघालेलं ‘ग्रिट अँड ग्राइंड’ (चिकाटी धरा, झिजत राहा) ही त्या संघाची ओळखच होऊन बसली होती. पण जिद्द दोन्ही बाकांवर असते. इथे आधी हिशेब बघायला हवा.

संघाचा अंतिम आकडा ४२ विजय, ४० पराभव. पश्चिम विभागात सातवा क्रमांक. डॅलसचेही ४२-४० होते, आठव्या ह्यूस्टनचे ४१-४१ आणि बाहेर राहिलेल्या युटाचे ४०-४२. म्हणजे प्लेऑफ आणि सुट्टी यांच्यात दोन सामन्यांचं अंतर होतं. आदल्याच वर्षी ओक्लाहोमा सिटी ४५-३७ करून बाहेर राहिली होती आणि त्याच्या आदल्या वर्षी फिनिक्स तर ४८-३४ करूनही. मेम्फिसच्या २०१५-१६ च्या कामगिरीला त्या दोनपैकी कुठल्याही हंगामात प्लेऑफचं दार उघडलं नसतं. वर्ष सोपं निघालं हा यशाचा पहिला भाग आहे, आणि तो कुणाच्या हातात नव्हता.

दुसरा भाग मात्र हातातला होता. ८ फेब्रुवारी २०१६ ला पोर्टलंडविरुद्ध सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, मार्क गॅसोलचा उजवा पाय मोडला, तोवर ५२ सामने झाले होते आणि मेम्फिस ३०-२२ वर होतं. उरलेल्या ३० सामन्यांत त्यांनी १२ जिंकले, १८ हरले. ही १२-१८ ची गती सबंध हंगामभर राहिली असती तर ३३ च्या आसपास विजय झाले असते. थोडक्यात, वाईट दिवस येण्याआधीची जमा मोठी होती. हंगामाच्या सुरुवातीचे ‘सोपे’ सामने काही संघ प्रयोगांवर घालवतात. मग मार्चमध्ये गुडघे दुखायला लागले की तेच सामने आठवतात.

तिसरी गोष्ट कमी बोलली जाते. मेम्फिसनं सरासरी ९९.१ गुण केले आणि १०१.३ दिले. जिंकलेल्या सामन्यांची संख्या हरलेल्यांपेक्षा जास्त, पण गुणांची बेरीज उणे! केलेल्या आणि दिलेल्या गुणांवरून अपेक्षित विजय काढायची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यानुसार हा साधारण ३५ विजयांचा संघ ठरतो. वरचे सात विजय चुरशीच्या सामन्यांतून आले. हरायचं तेव्हा २०-२५ गुणांनी हरायचं आणि जिंकायचं तेव्हा तीन-चार गुणांनी. यात नशीब आहेच, पण शेवटच्या चार मिनिटांत काय करायचं हे ठाऊक असलेले म्हातारे खेळाडूही आहेत. झॅक रँडॉल्फ आणि टोनी अॅलन ३४ वर्षांचे, मॅट बार्न्स ३६, ख्रिस अँडरसन ३७ आणि व्हिन्स कार्टर ३९. या वयाचे खेळाडू आठवड्याला चार सामने धावू शकत नाहीत. पण दोन मिनिटं उरली असताना आणि दोन गुणांची आघाडी असताना ते वेडा शॉटही मारत नाहीत.

आता दुखापती. प्रशिक्षकानं त्या नावानिशी ओळखायला शिकलं पाहिजे, कारण ‘पाय दुखतोय’ या दोन शब्दांत एक आठवडाही लपलेला असू शकतो आणि सहा महिनेही.

गॅसोलचं मोडलेलं हाड नॅव्हिक्युलर. पावलाच्या आतल्या बाजूच्या कमानीत, घोट्याच्या थोडं पुढे हे लहानसं हाड बसतं. दगडी कमानीतल्या मधल्या दगडाचं जे काम, तेच याचं. उडी मारून खाली येताना आणि एकदम दिशा बदलताना पुढचा आणि मागचा भार याच्यावर दोन्हीकडून दाबला जातो. त्यात हाडाच्या मधल्या एक तृतीयांश भागाला रक्तपुरवठा तुटपुंजा. म्हणून तिथे पडलेली बारीक चीर सहज भरून येत नाही. सीटी स्कॅनवरून तिचे तीन प्रकार करतात: वरच्या कवचापुरती चीर म्हणजे पहिला, हाडाच्या गाभ्यात उतरलेली म्हणजे दुसरा, आणि आरपार गेलेली तिसरा. गॅसोलची दुसऱ्या प्रकारची होती, तुकडे सरकलेले नव्हते. शस्त्रक्रिया झाली आणि हंगाम संपला. याओ मिंग आणि जोएल एम्बीड यांनाही याच हाडानं छळलं, तेव्हा उंच, जड आणि सतत उड्या मारणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत हा योगायोग समजू नये.

ही दुखापत धोकादायक आहे कारण ती गवगवा करत नाही. सूज नसते. पावलाच्या वरच्या बाजूला, मधोमध, नीट बोट ठेवून सांगता न येणारी ठसठस असते. धावल्यावर वाढते, एक-दोन दिवस विश्रांती घेतली की जाते, म्हणून खेळाडू सांगत नाही. तपासायची साधी रीत अशी: घोट्याच्या सांध्यापुढे, पावलाच्या पाठीवर नॅव्हिक्युलरच्या बरोबर माथ्यावर अंगठ्यानं दाबा. तिथे नेमकी कळ उठली आणि त्याच पायावर चवड्यावर उडी मारताना दुखलं, तर सराव तिथेच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सुटलो असं नाही. ही चीर एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, एमआरआय किंवा सीटी लागतो. उपचार म्हणजे साधारण सहा आठवडे प्लास्टर आणि पायावर शून्य भार, नाहीतर स्क्रू. ‘खेळत नाही, पण चालतो-फिरतो’ अशी अर्धवट विश्रांती इथे चालत नाही, तिचे निकाल वाईट आहेत. मैदानावर परतायला चार ते सहा महिने धरावेत.

गॅसोल पुढच्या हंगामात परतला तो वेगळा खेळाडू होऊन. आधीच्या आठ हंगामांत मिळून त्यानं तीन गुणांचे १२ शॉट पाडले होते, २०१६-१७ मध्ये एकाच हंगामात १०४. त्या वर्षी तो ऑल-स्टारही झाला. पाय बरा होईतो हात रिकामा ठेवायचा नाही, हे यातून दिसतं. प्लास्टरमधला खेळाडू खुर्चीत बसून फेकीचा आकार, मनगट, फ्री थ्रोची लय यांवर रोज काम करू शकतो.

मार्चमध्ये दुसरा घाव बसला. चेंडू पुढे आणून चाली रचणारा पॉइंट गार्ड माइक कॉन्ली अकिलीस टेंडनच्या, म्हणजे टाचेमागच्या जाड शिरेच्या दुखण्यानं बसला. ६ मार्चनंतर तो त्या हंगामात खेळलाच नाही. ९ मार्चला बॉस्टनमध्ये त्याच्या जागी खेळणाऱ्या मारिओ चाल्मर्सची तीच शीर तुटली. चार दिवसांत दोन्ही पॉइंट गार्ड गेले, एकाच शिरेपायी, पण दुखापती मात्र दोन वेगळ्या.

कॉन्लीचं होतं ते शिरेचं झिजत जाणं. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं ताठ पडतात, अंग गरम झाल्यावर बरं वाटतं आणि खेळून झाल्यावर, विशेषतः दुसऱ्या दिवशी, दुखणं दामदुपटीनं परत येतं. इथे पूर्ण विश्रांती हा उपाय नव्हे. शीर भाराला सरावते आणि भार काढला की आणखी कमजोर होते. सुरुवात स्थिर दाबानं करतात: चवड्यावर उभं राहून ४५ सेकंद धरायचं, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटांची उसंत. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, वजन घेऊन, अगदी सावकाश टाच उचलणं: तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. हे बारा आठवडे. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं, अट इतकीच की दुसऱ्या सकाळचा ताठरपणा आदल्या दिवसापेक्षा वाढलेला नसावा. दुखणं शिरेच्या मध्यात नसून अगदी टाचेच्या हाडापाशी असेल तर पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच व्यायाम करायचा. ही एक सूचना पाळली नाही म्हणून महिनोन्‌महिने रखडलेले खेळाडू पुष्कळ सापडतील.

चाल्मर्सचं प्रकरण सरळ होतं. शीर तुटते तेव्हा मागून कुणीतरी लाथ मारली असं खेळाडूला वाटतं, तो वळून बघतो तर मागे कुणीच नसतं. त्याला पालथं झोपवून पोटरी दाबा. पाऊल हललं नाही तर शीर गेली. पायावर भार द्यायचा नाही, पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत बांधायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. परत यायला नऊ महिने ते वर्ष. चाल्मर्स २०१६-१७ चा हंगाम मुकला आणि २०१७-१८ मध्ये पुन्हा मेम्फिससाठीच उतरला.

पण दुखापतीच्या दुसऱ्याच दिवशी मेम्फिसनं त्याला करारमुक्त केलं होतं. बाहेरून हे निर्दय वाटतं. त्यामागे नियमांचं गणित आहे, आणि २८ हा आकडा त्या गणिताशिवाय समजत नाही.

एनबीए संघाला हंगामात जास्तीत जास्त १५ करारबद्ध खेळाडू ठेवता येतात आणि सामन्याला किमान आठ जण गणवेशात लागतात. ५ जानेवारीनंतर दहा दिवसांचे करार करता येतात. एका खेळाडूला एकाच संघाकडून एका हंगामात असे दोनच, तिसऱ्यांदा हवा असेल तर उरलेल्या हंगामाचा करार द्यावा लागतो. पंधराच्या पंधरा जागा भरलेल्या असताना सोळावा हवा असेल तर ‘हार्डशिप’ची सवलत मागायची. तिची अट कडक: किमान चार खेळाडू ओळीनं तीन सामने मुकलेले असावेत आणि अजून साधारण दोन आठवडे उभे राहणार नाहीत असं वैद्यकीय मत असावं. सवलतीनं आणलेल्या माणसाची जागा उसनी असते, जखमींपैकी कुणी परतला की कुणाला तरी जावं लागतं. आजचे ‘टू-वे’ करार, ज्यांत राखीव खेळाडू कायम हाताशी असतो, ते २०१७-१८ पासून आले. तेव्हा ती उशी नव्हती.

आता चाल्मर्सकडे बघा. त्याचा करार त्याच उन्हाळ्यात संपणार होता, पैसे त्याला मिळणारच होते, पण त्याच्या नावानं एक जागा अडली होती आणि संघाकडे चेंडू पुढे आणायला माणूस नव्हता. ब्रायँटे वेबर, रे मॅक्कॉलम, झेवियर मनफर्ड, जॉर्डन फार्मर, ब्राइस कॉटन असे गार्ड एकामागून एक आले ते याच पोकळीत. आत मोठ्या खेळाडूंच्या जागेवर रायन हॉलिन्स, अॅलेक्स स्टीफसन. फॉरवर्ड ब्रँडन राइट गुडघ्यामुळे सबंध हंगामात फक्त १२ सामने खेळला, जॉर्डन अॅडम्स दोनच.

मात्र सगळा दोष दुखापतींना देऊ नका. गॅसोल गेल्यावर दहाच दिवसांत, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायच्या आत, व्यवस्थापनानं कोर्टनी ली आणि जेफ ग्रीन हे दोन धडधाकट विंग, म्हणजे मैदानाच्या बाजूंनी खेळणारे, खेळाडू देऊन टाकले. बदल्यात लान्स स्टीफनसन, पी. जे. हेअरस्टन, अँडरसन आणि पुढच्या ड्राफ्टमधले, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे, हक्क घेतले. म्हणजे वरच्या मजल्यावर हिशेब झाला होता की हे वर्ष विजेतेपदाचं नाही. तो निर्णय योग्यच होता असं माझं मत. पण मग २८ पैकी काही नावं दुखापतींची नसून व्यवहाराची आहेत, हेही मान्य करायला हवं. २८ हा तेव्हा लीगचा विक्रम ठरला. त्याआधीचा विक्रम १९९६-९७ च्या डॅलसचा, २७ खेळाडूंचा. तोही मुख्यतः अदलाबदलींमुळे झाला होता, आणि ते वर्ष डॅलसनं २४-५८ वर संपवलं.

या गर्दीतून संघ उभा करणारा प्रशिक्षक डेव्ह यॉर्गर. त्याआधीच्या दोन हंगामांत त्यानं मेम्फिसला ५० आणि ५५ विजय दिले होते. पण इथे कामी आला तो त्याहून जुना अनुभव. एनबीएत येण्यापूर्वी तो अमेरिकेतल्या खालच्या लीगमध्ये प्रशिक्षक होता आणि तिथे त्यानं पाच विजेतेपदं जिंकली होती. त्या लीगमध्ये चांगला खेळाडू वर उचलला जातो, तर कुणी अर्ध्यातच परदेशी निघून जातो. मंगळवारी आलेल्या माणसाला शुक्रवारी खेळवायचं ही तिथली रोजची कसरत.

नव्या माणसाला चोवीस तासांत काय शिकवायचं, हा खरा धंद्याचा प्रश्न. संघाच्या वहीत पन्नास-साठ चाली असतात, त्या शिकवायला घेतल्या तर तो मैदानावर विचार करत उभा राहतो. म्हणून क्रम असा ठेवावा. सर्वात आधी बचावाची भाषा: पिक अँड रोलवर, म्हणजे एक खेळाडू बचावपटूची वाट अडवून मग बास्केटकडे वळतो त्या चालीवर, आपण काय करतो, मोठा माणूस मागे थांबतो की चेंडूवर येतो, बाजूच्या पिकवर चेंडू मध्ये येऊ देत नाही की देतो, आणि त्यासाठी आरडाओरडा कुठल्या शब्दांत करायचा. बचावात एकाचा गोंधळ झाला तर पाचही जण उघडे पडतात, आक्रमणात तोच माणूस कोपऱ्यात उभा राहिला तरी निभतं. मग परतीचा बचाव, कोण रिबाउंडला जातो आणि कोण मागे पळतो. त्यानंतर आक्रमणाच्या चार-पाच चाली, त्यासुद्धा त्याच्या एकाच जागेवरून. शेवटी साइडलाइन आणि बेसलाइनवरून चेंडू आत टाकण्याची प्रत्येकी एक. एवढं पुरे. प्रतिस्पर्धी नसताना पाच जणांनी अर्ध्या वेगानं चाली चालून बघायच्या, वीस मिनिटं, आणि रात्री व्हिडिओ.

गॅसोल असताना मेम्फिसचं आक्रमण फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या त्याच्या हातातून वाहायचं. तो तिथून रँडॉल्फला आत चेंडू द्यायचा, नाहीतर कापत जाणाऱ्या गार्डला. तसा पास देणारा सेंटर दहा दिवसांच्या करारावर मिळत नाही. तेव्हा चेंडू रँडॉल्फकडे गेला आणि उंचीनं कमी असलेला जामायकल ग्रीन सेंटरच्या जागी सरकला. १९ मार्चला क्लिपर्सविरुद्ध रँडॉल्फनं २८ गुण, ११ रिबाउंड आणि १० असिस्ट केले. ३४ व्या वर्षी, कारकिर्दीतला पहिला ट्रिपल-डबल, म्हणजे तिन्ही आकडे दोन अंकी. हा चमत्कार नव्हे. आधी जे पास गॅसोल द्यायचा ते आता तो देत होता, दुहेरी बचाव अंगावर ओढून घेऊन.

हंगामातला सर्वात बघण्यासारखा सामना मात्र ७ मार्चचा, क्लीव्हलंडमध्ये. आदल्या रात्री मेम्फिस घरच्या मैदानावर फिनिक्सकडून हरलेलं, कॉन्ली नाही, रँडॉल्फ नाही, आणि गणवेशात मोजून आठ जण, म्हणजे नियमाच्या अगदी काठावर. समोर लेब्रॉन जेम्सचा संघ, जो तीन महिन्यांनी विजेता होणार होता. मेम्फिसनं १०६-१०३ असा जिंकला. एरवी कुणी ज्याला शॉट मारू देऊन मोकळं सोडतं त्या टोनी अॅलननं २६ गुण केले. पण निकाल फिरला तो हिसकावलेल्या चेंडूंनी. क्लीव्हलंडचे टर्नओव्हर, म्हणजे गमावलेले चेंडू, पंचवीसच्या घरात गेले. इथे एक बारीक गोष्ट आहे. ज्या संघाकडे शॉट मारणारे कमी आहेत त्यानं अर्ध्या मैदानात ठाण मांडलेल्या बचावासमोर जाण्याचे प्रसंगच कमी करायचे असतात. चेंडू हिसकावला की समोर बचाव नसतो, आणि अॅलनसारख्या माणसालाही ले-अप जमतो. आठ जण असताना दमछाक होईल म्हणून बहुतेक प्रशिक्षक सावध, संथ झोन लावतात, म्हणजे खेळाडूऐवजी जागा राखतात. त्या रात्री यॉर्गरनं उलटं केलं. असा डाव एखाद-दुसऱ्या रात्री जमतो, सलग पंधरा रात्री नाही.

आणि तो पुढे जमलाही नाही. प्लेऑफमध्ये ६७-१५ वाला सॅन अँटोनिओ समोर आला. चार सामने, चारही पराभव: १०६-७४, ९४-६८, ९६-८७, ११६-९५. सरासरी २२ गुणांचं अंतर. अशा मालिकेत नव्या माणसांच्या चार-पाच चाली दुसऱ्या सामन्यापर्यंत प्रतिस्पर्ध्याला तोंडपाठ होतात. एका रात्रीची तयारी आणि एकाच संघाशी सलग चार रात्रींची तयारी यांत हाच फरक. शेवटच्या सामन्यानंतर पत्रकारांसमोर यॉर्गरचा कंठ दाटून आला होता. मे महिन्यात त्याची मेम्फिसमधून गच्छंती झाली आणि तो सॅक्रामेंटोला गेला.

हाच संघ २०२३-२४ मध्ये पुन्हा दुखापतींत सापडला. जा मोरंट नऊ सामने खेळून खांद्यामुळे बसला, स्टीव्हन अॅडम्स हंगामभर नव्हता, आणि ३३ खेळाडू वापरून मेम्फिसनं स्वतःचाच २८ चा आकडा मागे टाकला. त्या वेळी विजय मात्र २७. यात मोरंटची बंदी हंगामाच्या पहिल्याच २५ सामन्यांची होती. म्हणजे २०१६ ला जी आधीची जमा होती तीच इथे नव्हती.

आता तुमचा १२ जणांचा संघ. आपल्याकडे दहा दिवसांचे करार नाहीत आणि स्पर्धेची यादी एकदा दिली की बदलत नाही. त्यामुळे बाहेरून माणूस आणण्याऐवजी मिनिटांची वाटणी हाच तुमचा मुख्य उपाय. दहा मिनिटांच्या चार क्वार्टरांत पाच जणांची मिळून २०० मिनिटं होतात. दोन मुख्य खेळाडू साठ-पासष्ट मिनिटं घेत असतील, तर ती मिनिटं उरलेल्या दोन चांगल्या खेळाडूंवर लादू नका. नेमकी हीच चूक सगळीकडे होते. वीस मिनिटं खेळणारा मुलगा एकदम पस्तीस मिनिटं, तीही सलग चार दिवस, आणि त्यात मैदान सिमेंटचं असलं की पाचव्या दिवशी पोटरी किंवा नडगी बोलायला लागते. कुणाचीही मिनिटं पाच-सहापेक्षा जास्त वाढवू नका. बाकीची मिनिटं सातव्या ते दहाव्या खेळाडूमध्ये चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत वाटा. त्यांच्या चुका दुसऱ्या क्वार्टरमध्ये होऊ द्या, चौथ्यात नाही.

स्पर्धेच्या आदल्या महिन्यात सरावाच्या प्रत्येक आठवड्यातला एक दिवस मुख्य पॉइंट गार्डला बाजूला बसवून खेळा. दोन माणसांनी चेंडू आणायचा, दाब आला तर मोठ्या खेळाडूनं मध्यरेषेवर येऊन पास घ्यायचा, हे तेव्हाच बसवून घ्या. मेम्फिसला हे मार्चमध्ये, रोज नव्या चेहऱ्यांसह करावं लागलं. तुमच्याकडे चेहरे तेच आहेत, वेळही आहे.

बसलेला खेळाडू परत घेताना ‘आता दुखत नाही ना?’ एवढ्यावर जाऊ नका. घोटा किंवा पोटरीची दुखापत असेल तर एका पायावर टाच उचलायला लावा, पंचवीस वेळा, न थांबता आणि दोन्ही पायांची उंची सारखी. मग एका पायावर लांब उडी, ती चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी यावी. मग पूर्ण वेगानं धावून एकदम थांबणं आणि वळणं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा विचारपूस. पहिल्या सामन्यात त्याला दहा-बारा मिनिटं द्या, तीही सुरुवातीला, अंग गरम असताना. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत थंड बाकावर बसवून मग एकदम मैदानात ढकलू नका.